डावीकडच्या कामट्या

आढ्याला टांगलेल्या बांबूच्या कामट्यांपैकी डावीकडच्या काढ, असं सासऱ्याने नुसत्या हनुवटीने खुणावलं आणि ल्हेन्दुपने हात वर केला. धनुष्याला दोन कामट्या लागतात, मुठीपाशी एकमेकींना बांधलेल्या. डावीकडच्या भर पावसाळ्यात तोडलेल्या होत्या. वरून तुळतुळीत, आतून किडीने पोखरलेल्या. पुरत्या ताणल्या की ताणणाऱ्याच्या तोंडावरच फुटणार.

समोर ल्हेन्दुपचा थोरला भाऊ गेम्बो लोण्याचा चहा पीत बसला होता; नव्या धनुष्यासाठी कामट्या न्यायला आला होता. नव्या वर्षाच्या सामन्यात तो त्यांच्या जुन्या गावाकडून उभा राहणार होता आणि ल्हेन्दुप बायकोच्या गावाकडून. त्यांच्याकडे लग्न झालं की पुरुष बायकोच्या घरी नांदायला जातो, मग गावही तिचंच.

"तूच निवड," गेम्बो म्हणाला. "मी बघणारसुद्धा नाही."

सासरा विडा चघळत दोघांकडे पाहत होता. चांगल्या कामट्या दिल्या तर हे घर ल्हेन्दुपला जन्मभर फितूर म्हणणार. खरं बोलावं तर सासऱ्याची अब्रू वेशीवर टांगली जाणार, आणि रात्री जेवायचं त्याच्याच चुलीपाशी. आणि डावीकडच्या दिल्या तर दादाचा डोळा जाणार.

ल्हेन्दुपने वर केलेला हात खाली घेतला.

"नवं धनुष्य कशाला, दादा? तुझा बाण गोठ्याच्या दाराला लागत नाही. जुन्यावरच भागव. बांबूची तरी अब्रू राख."

सासरा आधी चपापला, मग मांडीवर थाप मारून खो खो हसला. चुलीपाशी मेहुणी यांगकी हसली, बायकोही हसली. धनुष्य धरायला ल्हेन्दुपला गेम्बोनेच शिकवलं होतं. त्याने अर्धा चहा तसाच ठेवला आणि तो उठला.

"आईला काय सांगू?"

"सांग, मजेत आहे."

गेम्बो आपलं जुनं, धड धनुष्य उचलून चढणीला लागला. त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत ल्हेन्दुप दारातच उभा राहिला. "आता झालास आमचा," सासरा म्हणाला आणि त्याने आपल्या हाताने त्याला विडा करून दिला.

आत यांगकी चाल लावत होती. सामन्याच्या दिवशी समोरच्या गड्याला गाण्यातून टोचायचं काम बायकांचं, आणि यंदाचं गाणं घरबसल्या मिळालं होतं. पहिली ओळ बसली, दुसरीला ती अडली.

"दाजी, गोठ्याच्या दारानंतर काय म्हणालात? पुन्हा सांगा ना."

विडा तोंडात धरून ल्हेन्दुपने सांगितलं.