तंबूतलं भांडण

"फितावरारी आलेत," सून अत्सेदेनं येऊन सांगितलं, तसे म्हातारे सरदार देजाझ्माच मेकुरिया अंथरुणात उठून बसले. आठवडाभर त्यांनी पाठ उचलली नव्हती. तिच्याकडून त्यांनी धुतलेला पांढरा शम्मा मागून घेतला आणि चाचपडत खांद्यावर नीट पांघरला.

मस्कलचा सण सरला, टेकड्या पिवळ्या फुलांनी भरल्या, की दरवर्षी हा पाहुणा यायचा. इटलीवाले देश सोडून गेल्याला वीस वर्षं होत आली होती. विजयदिनी गावातले म्हातारे छातीवर बिल्ले लावून मिरवणुकीत जात. मेकुरिया जात नसत. विमानांतून पडलेल्या विषारी पावसानं त्यांचे डोळे युद्धातच नेले होते. त्यांचा सण हा एवढाच. युद्धातल्या जुन्या सोबत्याशी, फितावरारी झेलेकेंशी, एक दुपार मनसोक्त भांडायचं.

पाहुणे पायऱ्या भराभर चढून आले. एवढ्या लढाया पाहिलेल्या माणसाच्या डोक्यात पांढरा केस कसा नाही, असं अत्सेदेनं एकदा सासऱ्यांना विचारलं होतं. "डोंगरातली माणसं लवकर पिकत नाहीत," एवढंच ते म्हणाले होते. पहिल्या वर्षी पाहुण्यांनी कॉफीची वाटी डाव्या हातानं घेतली होती. उजवा हात शम्म्याखाली कमरेशीच होता, बाहेर काढलाच नव्हता. तेव्हा तिला ते उद्धट वाटलं होतं. आता ते दोन्ही हातांनी वाटी घेत आणि तिच्या पोरांची चौकशीही करत.

तिनं कॉफीचे दाणे भाजायला घेतले. खोलीत धूर आणि वास पसरला.

भांडण जुनंच होतं. युद्धाच्या वेळी उत्तरेच्या डोंगरांत सम्राटांच्या दोन फौजा दोन टोकांना होत्या, मधे चार दिवसांची वाट. एक मेकुरियांची, दुसरी झेलेकेंची. सम्राटांचा निरोप आला, की दोन्ही फौजा एका सेनापतीच्या हाती द्या, आणि तो कोण ते आपसात ठरवा. त्यासाठी नदीकाठच्या तंबूत दोघं भेटले आणि जी जुंपली ती जुंपलीच.

"तर मी काय म्हणालो होतो?" पाहुण्यांनी विचारलं. त्यांची आठवण कच्ची आहे म्हणून मेकुरिया त्यांना नेहमी चिडवत.

"तुम्ही? तुम्ही आधी माझं तेज संपवलंत. चांगली मधाची दारू, लग्नासाठी ठेवलेली. मग मी म्हटलं, पाच बोटं एकत्र आल्याशिवाय घास उचलला जात नाही. तर तुम्ही म्हणालात, खरंय देजाझ्माच, पण तुमची बोटं माझ्या ताटात कशाला?"

पाहुणे हसले. त्या खर्जातल्या हसण्यासाठी मेकुरिया वर्षभर थांबत.

मग त्यांनी सगळा तंबू पुन्हा उभा केला. झेलेकेंची बाजूही मेकुरियाच मांडत, झेलेकेंच्याच ठसक्यात. शत्रूला एक डोकं आहे आणि तारायंत्र आहे, आपल्याला दोन डोकी आणि धावणारे जासूद, हे मेकुरियांचं म्हणणं. चार दिवसांवर बसलेल्याला माझी नदी ठाऊक नाही, आणि माझी माणसं पेरणी टाकून माझं तोंड बघून आली आहेत, हे झेलेकेंचं. एकदा तर दोघांचे हात कमरेच्या तलवारींवर गेले. अखेरीस ठरलं काहीच नाही, फौजा दोनच राहिल्या. पण निघताना झेलेकेंनी इंजेराच्या भाकरीचा मोठा घास करून आपल्या हातानं मेकुरियांना भरवला होता.

"तसला घास पुन्हा कुणी दिला नाही," मेकुरिया म्हणाले.

कॉफीची तिसरी वाटी आली. दरवर्षी या वाटीबरोबर पाहुणे तोच प्रश्न विचारत, आणि दरवर्षी मेकुरिया पावसापाण्याची गोष्ट काढत. लोक म्हणत, तंबूत मान खाली गेली त्याचा राग म्हाताऱ्यानं धरला, म्हणून ते झेलेकेंच्या मदतीला गेले नाहीत.

"कड्यावरची फौज वेढली गेली," पाहुण्यांनी हळू आवाजात विचारलं, "तेव्हा तुम्ही का आला नाहीत?"

मेकुरियांनी वाटी खाली ठेवली.

"इतकी वर्षं सांगितलं नाही, कारण सांगितलं की भांडण मिटलं. भांडण मिटल्यावर तुम्ही कशाला याल? पण पुढच्या मस्कलला मी असेन असं वाटत नाही." ते जरा दम घेऊन म्हणाले, "आलो होतो."

पाहुणे जवळ सरकले.

वेढ्याचा निरोप घेऊन जासूद पोचला तेव्हा पूर्ण फौज जमवायला वेळ नव्हता. होते तेवढे घेऊन ते निघाले. खिंडीत विमानांनी गाठलं आणि तो पाऊस पडला. माणसं कातडी ओरबाडत खाली बसली. मेकुरियांना दिसेनासं झालं. उरलेले परत फिरा म्हणाले, मेकुरिया ऐकेनात. खेचराची शेपटी धरून ते कडा चढले. बरोबर आलेल्यांतला एकही पुढे जगला नाही.

"वर पोचलो तेव्हा बंदुका थांबल्या होत्या. एकच माणूस जिवंत होता. माझा हात धरून म्हणाला, उशीर केलात देजाझ्माच, पण घ्या, आता दोन्ही फौजा तुमच्याच. आणि हसला."

अत्सेदेचा हात भांड्यावरच थांबला.

मेकुरियांनी हात पुढे करून त्यांचा गुडघा शोधला आणि त्यावर थोपटलं.

"माझे डोळे जळाले होते, तरी तुझ्या बापाचे डोळे मीच मिटले, बाळा."