पास

औषध सोडणाऱ्या पंपाचं सॉफ्टवेअर ती भाड्याच्या, स्वस्तातल्या क्लाउड सर्व्हरवर तपासायची. एक टेस्ट तीनदा फेल झाली.

"सर्व्हरच रडका आहे. पास लिहून टाक," साहेब म्हणाले. तिने लिहिलं.

दोन महिन्यांनी, घरी पंपावर असलेल्या एका आजींना दुप्पट औषध गेलं आणि त्या दगावल्या. चौकशीत टेस्टचे लॉग, म्हणजे सर्व्हरवरच्या नोंदी, मागितले गेले, पण सर्व्हर परत करतानाच ते पुसले गेले होते. पुराव्याअभावी कंपनी सुटली. तिचाही जीव भांड्यात पडला.

चौकशीच्या खोलीबाहेर बाकावर आजींचे यजमान बसले होते. "पोरी, तूच तपासलंस ना? मशीन ठीक होतं?"

"हो, आजोबा."

त्यांनी आपल्या थरथरत्या बोटांकडे पाहिलं. "म्हणजे बटण माझ्याच हातून चुकलं."