शेपटीचा तारा

शेवटच्या फोनवरही बाबा धूमकेतूबद्दलच बोलले. केशोरी गावातल्या आमच्या घरात नेटवर्क नसतं, म्हणून ते रोज दिवस मावळताना तलावाच्या पाळीवर, उंच बांधावर चढून मला गोंदियाला फोन करत.

"पुष्पांजली, शेपटीचा तारा दिसून राहिला. आज शेपटी अजून लांबली. शनिवारी ये ना, दोघं पाहू."

"बाबा, मी गच्चीवरच उभी आहे. इथूनही छान दिसते."

"तुया गोंद्यात लायटीच लायटी. तिथं तारा दिसते का मच्छर?"

ते हसले. मीही हसले आणि ऑफिसच्या खुर्चीत बसल्या बसल्या फोन ठेवला.

दुसऱ्या संध्याकाळी पाळीवरून त्यांचा पाय घसरला. खाली तलाव भरलेला होता.

तेरवीनंतर त्यांच्या सदऱ्याच्या खिशात नेत्र शिबिराची चिठ्ठी सापडली. तारीख तीन महिन्यांपूर्वीची. दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू, फक्त उजेड आणि अंधार कळतो.

मी चिठ्ठी गावातल्या काकूपुढे धरली. तिने मान खाली घातली.

"पोरीले नको सांगू, म्हनत होता. कामात रायते, घाबरून जाईन. ताऱ्याची गोष्ट त्यानं पोरांच्या तोंडून आयकली होती. तारा पाहाले तरी पोरगी येईन, म्हने."

त्या संध्याकाळी मी पाळीवर जाऊन उभी राहिले. पश्चिमेचं आकाश स्वच्छ होतं. आजूबाजूला कोणी नव्हतं, तरी मी मोठ्यानेच बोलले.



"बाबा, मी एकदाही वर पाहिलं नाही."