कानामागची शीर

“पान दोनशे बारा काढा!” सरांनी कोश अध्यक्षांच्या टेबलावर आपटला. “काढा म्हणतो ना!”

वैद्यकीय महाविद्यालयाच्या पुस्तक समितीची खोली होती. शास्त्रीय शब्दांची लॅटिन मुळं सांगणारा कोणता कोश पहिल्या वर्षाला लावायचा, ते आज ठरायचं होतं. सरांचा तीस वर्षं चाललेला, की त्यांच्याच जुन्या शिष्येचा नवा? सरांचा गेला तर पुन्हा छापणार नाही, असं प्रकाशकाने तोंडावर सांगितलं होतं. म्हातारा पेटला होता.

शिष्या समोर बसली होती. बारा वर्षं तिने सरांकडे कोशासाठी शब्दांच्या चिठ्ठ्या लिहिल्या. मसल म्हणजे मुळात छोटा उंदीर, नडगीचं हाड टिबिया म्हणजे बासरी, खांद्याजवळचं हाड क्लॅव्हिकल म्हणजे छोटी किल्ली. निम्मा कोश तिच्या अक्षरातून उभा राहिला. कोशावर नाव मागितलं, तेव्हा सर म्हणाले, “हमालाचं नाव कोणी दारावर लावतं का?” त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद.

तरी महिन्यापूर्वी तिने आपल्या कोशाची सही केलेली प्रत सरांना पाठवली. काय हा उद्धटपणा! सरांनी भिंग घेऊन ती प्रत पहिल्या पानापासून धुंडाळली आणि दोनशे बाराव्या पानावर त्यांना घबाड मिळालं.

अध्यक्ष स्वतः डॉक्टर होते. सरांनी आणलेल्या त्या प्रतीतून ते वाचू लागले, “ग्रिलुला. कानामागची बारीक शीर. मूळ लॅटिन अर्थ, छोटा रातकिडा.” त्यांनी चष्मा काढला. “अशी शीर मी तरी ऐकलेली नाही.”

“कशी ऐकाल? मीच बनवलीय ती!” सर हसले. “कोशकारांची जुनी रीत आहे. एक खोटा शब्द पेरून ठेवायचा. नक्कल करणारा डोळे मिटून तोही उचलतो. माझ्या कोशात पहिल्या आवृत्तीपासून आहे तो. बाईसाहेबांनी गळासकट गिळला.”

“म्हणजे तीस वर्षं आमची मुलं ही शीर पाठ करताहेत?”

“एका शब्दाने कोणी मरत नाही हो! चोर समोर बसलाय, त्याचं बोला.”

अध्यक्ष शिष्येकडे वळले. “तुमचं काय म्हणणं आहे?”

“आरोप चोरीचा आहे,” ती म्हणाली. “तोंडी कशाला? सरांनी लिहून द्यावं.”

“देतो की! घाबरतो काय तुला?” सरांनी कागद ओढला. “माझ्या जिवावर मोठी झालीस आणि माझ्याच ताटात हात घालतेस? लाज कशी वाटत नाही!”

तिने पेन पुढे सरकवलं. सरांनी झरझर लिहिलं : शब्द खोटा आहे, लॅटिन मूळ खोटं आहे, मी दोन्ही जाणूनबुजून माझ्या कोशात घातली. खाली तारीख टाकली, लफ्फेदार सही ठोकली. तीस वर्षांत इतक्या आनंदाने त्यांनी काही लिहिलं नव्हतं.

अध्यक्षांनी कागद फाइलला लावला. “आता समितीच्या प्रतींवरही खूण करून ठेवू,” म्हणत त्यांनी कपाटातून नव्या कोशाच्या सात प्रती काढल्या. पहिलीचं दोनशे बारावं पान उघडलं. मग दुसरीचं. मग तिसरीचं.

“सर, यात ग्रिलुला नाही.”

“नाही कसा? आणा इकडे!” सरांनी एकेक प्रत हिसकून पाहिली. सातवीतही तो शब्द नव्हता.

शिष्या उठली आणि तिने पर्स खांद्याला लावली.

“सर, ते पान मी एकाच प्रतीसाठी वेगळं छापून घेतलं होतं,” ती म्हणाली. “तुमच्या.”