भुवया नसलेली बाई

खालापूरच्या रिसॉर्टमध्ये जगप्रसिद्ध चित्रांच्या नकलांचा भूलभुलैया उभारला होता. आज उद्घाटन. सकाळी झाडायला आत गेलेली मोतीबाई दुपारपर्यंत बाहेर पडेना. शेवटी तिनं नवऱ्याला फोन लावला. चित्रं त्यानंच भिसेगावात घरी रंगवली होती. तो शोधायला आला, ती सापडली, पण तोही अडकला. पाय भरून आलेल्या मोतीबाईनं त्याच्यापुढं वाटेच्या खुणा लिहिलेलं खेळाचं कार्ड धरलं. “आवं, इथं लिवलंय, भुवया नसलेल्या बाईपाशी डावीकडं वळा. कुठं हाय ती?” नवरा ओशाळला. “मीच रंगवल्या गं भुवया. बिनभुवयांची बाई बरी दिसते का? सगळ्यांचीच कपाळं मोकळी होती, मंग कुंकूबी लावलं.” मग त्याच्या पिशवीतला कटर काढून तिनं समोरचं कापडी चित्र उभं चिरलं. पलीकडं पाहुणे फीत कापायला कात्री घेऊन उभे होते. “राहू द्या सायेब,” मोतीबाई म्हणाली, “आमी कापलंय.”