मालकाचं नाव

"काय नाव म्हणालीस?" विठाबाईनं पुन्हा विचारलं.

"हिंमत," अक्षदा म्हणाली. साखळीला बांधलेला तांबडा कुत्रा उंबऱ्याचा वास घेत होता.

"दुसरं न्हाय का एखादं? लाडाचं?"

"नाही मावशी. आणि नावानं हाक मारल्याशिवाय तो घास घेत नाही. तीही बाईमाणसानं मारलेली. आईनं तशी सवय लावलीय."

अक्षदा मुरुमच्या शाळेत नवीन शिक्षिका होती. घर हुमनाबादला. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन सोलापुरात होतं आणि आठ दिवस सगळं घर तिकडं जाणार होतं. विठाबाई घरी कुत्री सांभाळते, हे तिला शाळेत कळलं होतं.

विठाबाईचे नियम ठरलेले होते. कुत्र्याची रोजची ताटली आणायची. घरातलं एक न धुतलेलं कापड आणायचं. आणि कुत्र्याला त्याच्या खऱ्या नावानंच हाक मारायची, दुसऱ्या नाही. "माणसं लांब गेली, वर नावबी गेलं, तर मुक्या जिवानं काय करायचं?" असं ती म्हणायची. उमरगा, लोहाऱ्याहून लोक कुत्री आणून सोडत. सात वर्षांत तिच्या घरी एकही जनावर उपाशी राहिलं नव्हतं.

अक्षदानं पिशवीतून ताटली काढली, एक जुना पंचा काढला. पंच्याला तंबाखूचा वास होता. विठाबाईनं तो कोपऱ्यात अंथरला.

शेजारची प्रेमला आली तेव्हा ताटली भरलेली होती आणि कुत्रा ताटलीकडं बघतही नव्हता.

"आता गं?" प्रेमला हसायला लागली. "हे तर तुझ्या मालकाचंच नाव निघालं. ये रे हिंमत, खा."

कुत्रा उठला आणि त्यानं ताटली चाटून साफ केली.

"बघ कसा ऐकतोय. मालक कधी ऐकत होते का इतकं?"

"तूच मारत जा हाक दोन्ही वक्ताला," विठाबाई म्हणाली. "म्या न्हाय घ्यायची ते नाव."

ते नाव तिनं जन्मात एकदाच घेतलं होतं, लग्नात, उखाण्यातून. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं आईनं सांगितलं होतं. हिंमतराव मूळचे बेंबळीचे, ट्रकवर होते. सव्वीस वर्षांपूर्वी तूर भरून हैदराबादला निघाले. ट्रक वाटेत रस्त्याच्या कडेला उभा सापडला. ते सापडले नाहीत. चार वर्षं गेल्यावर भावकीतल्या बायका म्हणाल्या, कुंकू पुस आता. विठाबाई म्हणाली, "नाव जपलंय तवर माणूस हाय."

तिनं ते अगदी शब्दातसुद्धा जपलं होतं. कुणाला हिंमत धर म्हणायचं झालं तर ती धीर धर म्हणायची. रेशनच्या कचेरीत नवऱ्याचं नाव विचारलं की प्रेमला पुढं होऊन सांगायची.

दोन दिवस प्रेमलाच्या हाकेवर निभावलं. तिसऱ्या दिवशी तिच्या लेकीचा लातूरहून फोन आला आणि ती बाळंतपणाला गेली.

विठाबाईनं दुधात भाकरी कुस्करली. अंडं उकडलं. सुकट भाजली. "ये," म्हणाली, "खा रं बाळा," म्हणाली. कुत्रा तिच्या तोंडाकडं बघत राहिला. गल्लीतल्या बाकीच्या बाया कुत्र्यांच्या धाकानं तिच्या दाराकडं फिरकत नसत. दूध घालायला सिद्धाराम आला, त्याला तिनं हाक मारायला लावली, तर कुत्रा बाजेखाली जाऊन गुरगुरला.

"जनावर हाय, भूक लागली की खाईल," सिद्धाराम म्हणाला.

चौथा दिवसही तसाच गेला. अक्षदाचा फोन लागत नव्हता. पाचव्या दिवशी दुपारी विठाबाईनं पाणी पुढं सरकवलं, तर त्यानं मानही उचलली नाही. पंच्यात नाक खुपसून तो डोळे मिटून पडला होता.

ती भिंतीतल्या देवांच्या देवळीसमोर जाऊन उभी राहिली. "जिथं असाल तिथं माफ करा," म्हणाली. "एक जीव राखायचा हाय."

मग कुत्र्यापाशी येऊन बसली. पहिल्यांदा ओठ नुसते हलले.

"हिंमत."

कुत्र्याचा कान ताठ झाला.

"हिंमत, ऊठ. खा."

तो उठला. पाय थरथरत होते, पण त्यानं ताटली संपवली. विठाबाईनं पदरानं कपाळावरचा घाम टिपला, कुंकवाला धक्का लागणार नाही अशा बेतानं.

त्यानंतर ती सकाळ-संध्याकाळ हाक मारू लागली. दर वेळी आधी देवळीकडं बघायची. सातव्या दिवशी कुत्र्यानं पायपुसणं फाडलं तेव्हा ती त्याला नाव घेऊन रागावलीही, आणि मग स्वतःच दचकली.

नवव्या दिवशी अक्षदा आली. आई आता काठीनं चालायला लागली होती. कुत्रा अक्षदाच्या अंगावर उड्या मारत होता.

"बारीक झालाय, पण धड हाय," विठाबाई म्हणाली. "तुझ्या आईला हेच नाव बरं सुचलं गं?"

अक्षदा हसली. "पप्पांचं आहे ते. आई जुन्या वळणाची, नवऱ्याचं नाव घेत नाही. मग कुत्र्याला ठेवलं. हिंमत, आळशी मेल्या, ऊठ, असं दिवसभर चालू असतं. पप्पा तिथंच तंबाखू मळत ऐकत बसतात."

विठाबाईनं पंच्याकडं बघितलं.

"तुझे पप्पा हुमनाबादचेच का?"

"नाही, इकडचेच. बेंबळीचे. ट्रकवर होते. आजोबांच्या धाब्यावर जेवायला थांबले, ते तिथंच राहिले."

विठाबाईनं कोपऱ्यातला पंचा उचलला, झटकला आणि नीट घडी घालून अक्षदाच्या हातात दिला. मग पदरानं कपाळ पुसलं. या वेळी तिनं कुंकू जपलं नाही.

कुत्रा उंबऱ्यात थांबून मागं वळून बघत होता.

"हिंमतराव," ती सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "निघा आता."