निळे ओठ

दत्तोबांना तीन दिवस धाप लागत होती. त्यांच्या बायकोने, हौसाबाईंनी, त्यांना दवाखान्यात आणलं, तेव्हा नव्याने आलेल्या डॉक्टरबाईंनी बोटाला यंत्र लावलं आणि त्या ओरडल्याच, "मावशी, अंगातला प्राणवायू संपत आलाय! ओठ निळे पडले तेव्हाच का नाही आणलंत?"

"निळे तर आमचे सगळ्यांचेच आहेत, बाई," हौसाबाई म्हणाल्या.

पंचवीस वर्षं गाव चांदीच्या फिल्टरचं पाणी पीत होतं. हगवण गेली, पोरं जगली. पण चांदी कातडीत मुरली आणि अख्खं गाव निळसर करडं झालं.

ऑक्सिजन लावूनही तासाभरात दत्तोबा गेले. चेहऱ्याचा रंग होता तसाच निळसर करडा राहिला, म्हणून हौसाबाई मात्र त्यांचे पाय चोळतच होत्या. डॉक्टरबाईंनी हळूच त्यांचा हात धरला, तेव्हा कुठे त्यांना कळलं.